बेनेडिक्टचा शेवटचा हंगाम

बेनेडिक्ट त्सेंगर्ले नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आला तेव्हा त्याची चौतिशी उलटली होती. आइस हॉकीत हे वय उतरणीचंच. तिथल्या क्लबने त्याला घेतलं होतं, पण राहायला जागा द्यायची ऐपत नव्हती. म्हणून क्लबने सगळ्या पालकांना विचारलं, कुणाच्या घरी एखादी खोली रिकामी आहे का? प्रकाश आणि मृदुला निकम यांच्या घरी माळ्यावर एक खोली होती. त्यांचा मुलगा ईशान तेव्हा पंधरा वर्षांचा, क्लबच्या मुलांच्या संघात खेळायचा. त्याने दोन दिवस आईचा पिच्छा पुरवला.

"अरे, परका माणूस घरात ठेवायचा? तोही एवढा मोठा?" मृदुला म्हणाली.

"आई, he played in the German first league!" ईशान म्हणाला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये यायचं.

बेनेडिक्ट आला तो दारातून वाकूनच आला. दाढी, पुढचे दोन दात खोटे, डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण. खांद्यावरची बॅग एवढी मोठी की जिन्यात अडकली. ईशानचे मराठी मित्र मृदुलाला काकू म्हणत, ते ऐकून तोही तिला काकू म्हणू लागला. ती म्हणाली, "अरे, मी तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठी आहे." पण त्याला तो शब्द आवडला होता आणि त्याने तो सोडला नाही. क्लबमध्ये त्याला बेने म्हणत. प्रकाश मूळचा कराडकडचा. त्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं बेणं करून टाकलं. उसाच्या कांडीला बेणं म्हणतात आणि गावातल्या वस्ताद पोरालाही बेणंच म्हणतात, हे प्रकाशने त्याला जेवताना समजावून सांगितलं, तेव्हा तो घास हातात धरून बराच वेळ हसत राहिला.

तो आल्प्सच्या पायथ्याचा, ऑलगॉय भागातल्या एका लहान गावचा. वडील चीज बनवणाऱ्या डेअरीत कामाला. गावामागचं तळं हिवाळ्यात गोठायचं, त्यावर तो चौथ्या वर्षी उभा राहिला. सतराव्या वर्षापासून खेळण्याचे पैसे मिळू लागले. मग एका शहरातून दुसऱ्या शहरात, बहुतेक वर्षं जर्मनीच्या दुसऱ्या लीगमध्ये. दोन हंगाम पहिल्या लीगमध्ये काढले. एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिरालाही बोलावणं आलं, पण संघ जाहीर व्हायच्या सकाळी प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. हात ठेवल्यावरच कळलं, असं तो सांगायचा. त्या संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, घरी ये, बटाट्याचं सूप केलंय.

तो बचावपटू होता. गोल करणं त्याचं काम नव्हतं. समोरून येणाऱ्याला अडवायचं, पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, गोलकडे जायच्या आत स्वतःच्या अंगावर घ्यायचा, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कोपऱ्यात लाकडी फळ्यांपाशी झुंज लागली की खांदा लावून समोरच्याला हलवायचं. या कामात त्याची बोटं मोडली होती, गळ्याचं हाड मोडलं होतं, दात गेले होते.

"पेपरात नाव येतं ते गोल करणाऱ्यांचं," तो एकदा मृदुलाला म्हणाला. "माझं आलं तर समजायचं, काहीतरी बिनसलं."

तीन हिवाळे तो त्या घरात राहिला. सकाळी पोहे खायचा आणि वर लिंबू पिळायला विसरलं तर मागून घ्यायचा. मृदुलाच्या सायकलची साखळी पडली की न सांगता बसवून ठेवायचा. बर्फावरून आल्यावर ईशान आणि तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हॉकीच खेळायचे. फ्रिज म्हणजे गोल, ओटा म्हणजे रिंकभोवतीच्या फळ्या. एक गोष्ट तो ईशानला पुन्हा पुन्हा सांगायचा. त्याला खांद्यांना धरून ओट्याकडे तोंड करून उभा करायचा आणि म्हणायचा, "फळ्यांजवळ असताना मागच्याला पाठ दाखवायची नाही. कधीच नाही. पक गेला तर जाऊ दे. खांदा फिरव, फळीला चिकट, पण पाठ नाही."

"Yes, yes, I know," ईशान म्हणायचा.

"माहीत असून चालत नाही. अंगाला कळलं पाहिजे."

प्रकाशला खरं तर पोराने क्रिकेट खेळावं असं वाटायचं. पण हळूहळू तोही रिंकवर येऊन बसू लागला. मृदुला शाल आणि चहाचा थर्मास घेऊन बसायची, आणि बेने समोरून गेला की आजूबाजूच्या डच बायकांना सांगायची, हा आमच्याकडे राहतो.

चौथ्या वर्षी क्लबजवळ परदेशी खेळाडूसाठी पैसे उरले नाहीत. ग्रोनिंगनच्या क्लबने बेनेला एक हंगाम देऊ केला. खेळायचं आणि जोडीने लहान मुलांना शिकवायचं. हा शेवटचा, मग गुडघे पुरे म्हणतात, असं तो म्हणाला. ईशान अठरा वर्षांचा झाला होता आणि त्याच वर्षी मोठ्या संघात घेतला गेला होता. बेनेशेजारी खेळायचं त्याचं स्वप्न होतं. तो जाणार कळल्यावर ईशान दिवसभर खोलीबाहेर आला नाही. निघताना मृदुलाने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बेनेच्या बॅगेत घातली. प्रकाश त्याला गाडीने स्टेशनवर सोडून आला आणि घरी येऊन म्हणाला, "घर अगदी ओकंबोकं वाटतंय."

फेब्रुवारीत ग्रोनिंगनचा संघ झूटरमेरला खेळायला आला.

सराव चालू असताना बेनेने फळ्यांपाशी येऊन काचेवर टकटक केली आणि मृदुलाला हात केला. ईशानने मागून येऊन त्याच्या पायात काठी घातली. दोघे हसले. बेने त्याच्या हेल्मेटवर टपली मारून गेला.

सामन्याच्या दुसऱ्या भागात पक ग्रोनिंगनच्या बाजूच्या कोपऱ्यात गेला. ईशान त्याच्यामागे सुटला. तो चपळ होता, त्याला वाटलं आपण आधी पोचू. पलीकडून बेने येत होता, आयुष्यभर आला तसाच, कोपऱ्याचा रस्ता कापत, खांदा पुढे करून. ईशान कडेने, खांदा फळीला लावूनच पोचला. पण पक फळीवर आपटून उलटा फिरला आणि तो उचलायला ईशान वळला. त्याची पाठ बेनेकडे झाली, मान खाली गेली. बेनेचा खांदा त्याच्या पाठीत बसला आणि ईशानचं डोकं फळीवर आदळलं.

आवाज तसा फार मोठा नव्हता. लोक थोडा वेळ ओरडतच राहिले. मग ईशान उठत नाही हे एकेकाला दिसत गेलं आणि रिंक गप्प झाली. बेनेने हातमोजे फेकून दिले होते. तो गुडघ्यांवर बसून जवळ येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "हलवू नका, त्याला हलवू नका." मृदुला कशी बर्फावर पोचली ते तिला आठवत नाही. ईशान शुद्धीवर होता. तो मराठीत म्हणाला, "आई, मला पाय सापडत नाहीयेत."

मानेतला मणका मोडला होता. रॉटरडॅमला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, खांदे आणि कोपरं चालतील, मनगट थोडंसं. बोटांचं सांगता येत नाही. पायांची आशा ठेवू नका. डच डॉक्टर जसं सांगतात तसंच, समोर बसून, डोळ्यांत बघून, काही न लपवता.

बेने आदल्या रात्रीपासून दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर बसून होता, संघाच्या जर्सीतच. सकाळी तो वर आला. प्रकाश खोलीच्या दारात उभा होता.

"तू जा," प्रकाश म्हणाला.

"प्रकाश, मी फक्त..."

"मला तुला काही बोलायचं नाही. बोललो तर वाईट बोलेन. तू जा."

बेने गेला, पण ग्रोनिंगनला गेला तो फक्त सामान आणायला. लीगच्या समितीने व्हिडिओ बघून निकाल दिला की खेळाडू शेवटच्या क्षणी वळला, बचावपटूचा दोष नाही. त्याचं नाव त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत आलं. क्लबने त्याला सांगितलं, हंगाम पुरा कर, कुणी काही म्हणणार नाही. त्याने स्केट्स, काठ्या, खांद्याचे पॅड, सगळं ड्रेसिंग रूममध्ये ठेवलं आणि दार लावून तो निघाला. इतक्या वर्षांची कारकीर्द अशी, हंगामाच्या मध्येच, दुपारच्या वेळी संपली. टाळ्या नाहीत, निरोप नाही.

ईशानला पुढे पुनर्वसन केंद्रात हलवलं. बेनेने त्याच गावात भाड्याने खोली घेतली आणि एका गोदामात सामान चढवायचं काम धरलं. रोज काम सुटलं की तो केंद्रात यायचा. ईशाननेच त्याला बोलावलं होतं. प्रकाश त्या वेळी खोलीबाहेर जाऊन कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहायचा. बेने ईशानचे हात हलवून व्यायाम करून घ्यायचा, पत्ते पकडायला शिकवायचा, ड्रेसिंग रूममधल्या जुन्या भानगडी सांगायचा. ईशान खळखळून हसायचा. नर्सही म्हणायच्या, हा आला की मुलगा किती खुलतो.

पण तो गेल्यावर काय होतं ते फक्त मृदुला बघायची. ईशान आपल्याला भिंतीकडे वळवायला सांगायचा. जेवायचा नाही. एकदा ती त्याचं तोंड पुसत होती तेव्हा तो इंग्रजीत म्हणाला, "त्याच्यासमोर मला बरं असावंच लागतं. नाहीतर तो मरून जाईल."

मृदुलाने ते कुणाला सांगितलं नाही. चार-सहा दिवस मनात घोळवलं. मग एका संध्याकाळी ती बेनेबरोबर खाली गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेली.

"बेने, तुला एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणणार नाही. वाईट वाटेलच."

तो सायकलचं कुलूप काढत होता. थांबला.

"तू आता येऊ नकोस."

"मी काही चुकीचं केलं का, काकू?"

"नाही. तू सगळं नीट करतोस. पण तू आलास की तो तुझ्यासाठी हसतो. तुला सांभाळतो तो. मग त्याच्याजवळ स्वतःसाठी काही उरत नाही. त्याला रडू दे आता. तुझ्यासमोर त्याला रडता येत नाही."

बेनेने कुलूप काढून खिशात टाकलं. मग विचारलं, "त्याला काय सांगशील?"

"सांगेन, तुझ्या आईला बरं नव्हतं म्हणून तू गावी गेलास."

"तिला खरंच बरं नाही," तो म्हणाला. "गुडघे. ती विचारत होती कधी येतोस." आणि सायकल हातात धरूनच तो चालत गेला, बसला नाही. मृदुला तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, हाक मारावी. तिने मारली नाही.

ईशानला खरी गोष्ट उन्हाळ्यात कळली. तोपर्यंत तो घरी आला होता. खेमेंटेने, म्हणजे नगरपालिकेने, दारापाशी उतार करून दिला होता आणि जिन्याला खुर्चीची लिफ्ट बसवली होती. बेनेचे निरोप आखडते का येतात, याचा विचार करता करता त्याने आईला सरळ विचारलं आणि तिलाही खोटं बोलवेना.

"तू कोण ठरवणारी?" तो म्हणाला. या वेळी मराठीत म्हणाला, आणि म्हणून ते तिला जास्त लागलं. "माझे पाय गेले, माझा मित्र पण तूच घालवलास."

कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. आणि कामं तर सगळी तिच्याच हाताची. अंघोळ, कपडे, कूस बदलणं. दोघं एकमेकांच्या इतकी जवळ असायची आणि खोलीत शब्द नसायचा. एकदा तो ओक्साबोक्शी रडला, अपघातानंतर पहिल्यांदाच, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्यानंतर बोलणं सुरू झालं. पण बेनेला फोन करायचं तो टाळत राहिला. आता काय बोलायचं, असं त्याला वाटायचं.

दोन वर्षं गेली. ईशान मास्ट्रिख्टला अर्थशास्त्र शिकायला गेला. वसतिगृहात त्याला तळमजल्यावरची खोली मिळाली, मदतीला माणसं मिळाली. बोटांत पूर्ण ताकद आली नव्हती, तरी तो लॅपटॉप चालवायचा, चमचा धरायचा. मृदुलाने तीन महिने रोज फोन केला, मग त्यानेच तिला आठवड्यातून दोनदा पुरे असं सांगितलं.

त्याच वर्षी प्रकाशला ऑफिसच्या कामाने म्युनिकला जावं लागलं. काम गुरुवारी संपलं. शुक्रवारी परतायचं तिकीट त्याने बदललं आणि गाडी भाड्याने घेऊन तो डोंगरांच्या दिशेने निघाला. मृदुलाला त्याने सांगितलं नाही. आपण तिथे जाऊन काय करणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

वडील कामाला होते त्याच डेअरीत बेने आता कामाला होता. पांढरा एप्रन, पायात रबरी बूट, मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून चीजच्या मोठमोठ्या चकत्या पुसत होता. अंगाने सुटला होता. प्रकाशला बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"ईशान?" एवढंच त्याने विचारलं. तोंडाचा रंग उडाला होता.

"बरा आहे. बरा आहे तो. मी असाच आलो."

बेने त्याला घरी घेऊन गेला. त्याच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने प्रकाशचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही, मग ब्रेड आणि सूप मांडून आतल्या खोलीत निघून गेली. दोघे जेवले. गावच्या क्लबला बेनेची जर्सी रिंकच्या छताला टांगायची होती, त्याने नको म्हटलं होतं. लहान मुलांना शिकव म्हणाले, त्यालाही नाही म्हटलं. बर्फावर पाय ठेवत नाही, एवढंच तो म्हणाला. प्रकाशने मास्ट्रिख्टचं सांगितलं. मग बोलायला काही राहिलं नाही आणि ज्यासाठी आपण एवढं अंतर आलो ते प्रकाशच्या तोंडातून बाहेर पडलं.

"तो वळला तेव्हा तुला दिसलं होतं का?"

बेनेने मान वर केली. "हो."

"किती आधी?"

"आधी. एक श्वास घेता येईल एवढं आधी."

"मग?"

"मग मला माहीत नाही, प्रकाश." त्याने सूपचा वाडगा बाजूला सारला. "समितीला मी सांगितलं, थांबायला वेळ नव्हता. कदाचित नव्हता. पण मी प्रयत्न केला का, हे मला आठवत नाही. आयुष्यभर अंगाला एकच शिकवलं, की समोरच्याला खांदा द्यायचा. त्या क्षणी मी ईशानला बघितलं की नुसती एक जर्सी बघितली? रोज विचारतो. माझा खांदा मला उत्तर देत नाही."

प्रकाशला वाटलं होतं, उत्तर मिळालं की राग तरी येईल नाहीतर जाईल तरी. दोन्ही झालं नाही. समोर एक दमलेला माणूस बसला होता, ज्याला आपण कधी काळी हसत हसत बेणं म्हणायचो. त्याने उठून बेनेच्या खांद्यावर हात ठेवला. बेने अंग आखडून बसला, जणू त्या खांद्याला कुणी हात लावू नये.

घरी येऊन त्याने मृदुलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ईशानला सांगू नकोस. कशाला पुन्हा." पण पुढच्या रविवारी मास्ट्रिख्टला नदीकाठच्या रस्त्याने ईशानची खुर्ची ढकलत असताना प्रकाशला राहवलं नाही. तो मागे होता, पोराचं तोंड त्याला दिसत नव्हतं, म्हणून बोलणं सोपं गेलं.

ईशानने हात वर केला. प्रकाश थांबला.

"बाबा, तो ब्रेक मारत होता."

"काय?"

"मला ऐकू आलं. Blades. बर्फ खरवडल्याचा आवाज. माझ्या मागे, अगदी जवळ. माणूस मारायला येतो तेव्हा तो आवाज येत नाही. थांबायला बघतो तेव्हाच येतो." तो अडखळत, शब्द शोधत, पण मराठीतच बोलत होता. "त्याला थांबता आलं नाही. पण तो थांबत होता."

"अरे, मग हे इतकी वर्षं तू सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले, त्याची चूक नाही. मला वाटलं, त्याला स्वतःला तर माहीतच असेल ना."

प्रकाश मटकन रस्त्याकडेच्या बाकावर बसला. ईशानने फोन आपल्या मांडीवर ठेवायला सांगितला आणि जाड झालेल्या बोटाने नंबर लावून स्पीकर चालू केला. पलीकडे बेनेने उचलला. मग ईशानने डचमध्ये, सावकाश, एकेक वाक्य करत त्याला ते सगळं सांगितलं. व्हिडिओत रिंकचा गोंगाट आहे, त्यात ते ऐकू येत नाही, पण मला आलं, हेही सांगितलं.

पलीकडे बेनेने कुठलंतरी दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तू चांगला मुलगा आहेस," बेने शेवटी म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"नाही, बेने. शपथ."

"तू केंद्रातही असंच करायचास," बेने म्हणाला. "मी होतो म्हणून हसायचास. मला तेव्हाही कळत होतं."

ईशानने पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत सांगितलं, शेवटी ओरडून सांगितलं. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकून बघून गेली. बेने ऐकून घेत होता, हं हं करत होता, आणि प्रत्येक हं वरून कळत होतं की ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. जे एकच वाक्य त्याला सोडवू शकलं असतं, ते ज्याच्या तोंडून आलं त्याच्यावर या एका गोष्टीत त्याचा विश्वास बसू शकत नव्हता.

त्यानंतर मात्र दोघांचं फोनवर बोलणं पुन्हा सुरू झालं. ईशान परीक्षांचं सांगतो, बेने गावातल्या गायींचं आणि आईच्या गुडघ्यांचं. झूटरमेरच्या घरी ईशान आलेला असला तर मृदुलाही थोडं बोलते. चौकशी करते, काय जेवलास विचारते, आणि फोन ईशानच्या मांडीवर ठेवून स्वयंपाकघरात जाते. त्या आवाजाचा विषय ईशानने आणखी दोनदा काढून पाहिला. दोन्ही वेळा बेने म्हणाला, "हो, तू सांगितलंस," आणि गावात बर्फ किती पडला ते सांगू लागला. आता ईशान तो विषय काढत नाही.